मार्गारेट आणि तिचे तुकडे

मार्गारेट हे नाव मराठी कानाला ठार इंग्रजी वाटते. ते उच्चारले की आठवतात त्या ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई, एलिझाबेथ राणीची धाकटी बहीण, किंवा कॉन्व्हेंट शाळेतल्या एखाद्या कडक मुख्याध्यापिका. वसईत माझे काही वर्षे राहणे झाले. तिथे आमच्या शेजारी एक मार्गारेटबाई होत्या. त्या मराठीत बोलत, मराठीत भांडत, आणि गल्लीतली मुले त्यांना 'मागरेटमावशी' अशी हाक मारत. तरीही हे नाव साहेबाकडून आले अशीच साऱ्या गल्लीची समजूत होती, आणि खुद्द बाईंचीही. नावांचे कोश चाळण्याची मला जुनी सवय असल्यामुळे मी या नावाच्या मागे लागले, आणि जसजशी मागे जात राहिले तसतसे इंग्लंड दूर पडत गेले. या नावाचा उगम इंग्लंडात नाही, युरोपातही नाही. ते मोत्याचे नाव आहे, आणि ज्या मोत्यांवरून ते पडले ते मोती इराणच्या आखातातले आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळच्या समुद्रातले होते.

ग्रीक भाषेत मोत्याला 'मार्गारितीस' असा शब्द आहे आणि मार्गारेट हे त्याचेच लॅटिन व फ्रेंचमार्गे झालेले रूप आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने खड्यांविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की हा खडा एका प्रकारच्या शिंपल्यात तयार होतो, त्याचे मौल्यवान हार करतात, आणि तो भारतात व तांबड्या समुद्रातल्या काही बेटांवर सापडतो. ग्रीक लोक ज्याला तांबडा समुद्र म्हणत त्यात आजचा अरबी समुद्र आणि इराणचे आखातही मोडत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याचा पैस ध्यानात येतो. अलेक्झांडरचा अँड्रोस्थेनिस नावाचा एक अधिकारी अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी करण्यासाठी आखातात उतरला होता; त्यानेही तिकडच्या शिंपल्यांचे वर्णन करून या खड्याला आशियात मोठी किंमत येते आणि इराणात व आतल्या मुलखात तो सोन्याच्या मोलाने विकला जातो, असे नोंदवून ठेवले आहे. पोर्तुगीजांकडून पाव घेताना आपण जसा 'पाव' हा शब्दही घेतला, तशी ग्रीकांनी पूर्वेकडून वस्तू घेतली आणि तिच्याबरोबर तिचे नावही घेतले.

हे नाव त्यांनी नेमके कोणाकडून घेतले याचे जुने उत्तर मराठी माणसाला सुखावणारे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काही भाषाभ्यासकांनी मार्गारितीसचा संबंध थेट संस्कृतातल्या 'मंजरी'शी जोडला. मंजरी म्हणजे फुलांचा तुरा हा आपल्या ओळखीचा अर्थ. पण संस्कृत कोशांत मोती असाही एक अर्थ दिलेला आहे, आणि या दुसऱ्या अर्थाच्या आधारावर ही जोडणी उभी राहिली. नावांच्या लोकप्रिय पुस्तकांत ती अजूनही छापली जाते. आमच्या घरात एक मंजिरी आहे, माझी आत्या. मी हे तिला वाचून दाखवले तेव्हा तिने तुळशीच्या मंजिऱ्या खुडता खुडताच ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे ती मागरेट माझी सख्खी नावबहीण की काय! मग तिला कधी हळदीकुंकवाला नाही बोलावलं कोणी?" आत्याचा आनंद हिरावून घेण्याची मला हौस नाही, परंतु आजच्या अभ्यासकांचा कल इराणी भाषांकडे आहे, आणि तोच अधिक पटण्याजोगा आहे. फारसीत मोत्याला 'मरवारीद' म्हणतात आणि इराणात मुलींचे नाव 'मोरवारीद' असे आजही ठेवले जाते. आर्मेनियन भाषेत 'मार्गारित' हा शब्द मोत्यालाही आहे आणि मुलीलाही. ज्या समुद्रात मोती काढले जात त्या समुद्राच्या काठची भाषा शब्द देणार, हे सरळ आहे. मंजरीचे ध्वनिसाम्य मोहक आहे खरे, पण दोन शब्द कानाला जवळचे वाटले म्हणून त्यांचे गोत्र एक ठरत नाही.

या शब्दाची एक शाखा पश्चिमेला न जाता जवळच रेंगाळली. आरामाइक भाषेत तो 'मार्गानीता' झाला, हिब्रूत 'मार्गालीत' झाला, आणि अरबीत 'मर्जान' झाला. अरबीत जाताना अर्थ थोडा घसरला व मर्जान म्हणजे पोवळे असे पुढे रूढ झाले; कुराणात मोती आणि मर्जान यांचा उल्लेख जोडीने येतो. अलीबाबाच्या गोष्टीतली ती चतुर दासी, जी चोरांच्या रांजणांत उकळते तेल ओतते, ती मर्जिना याच मर्जानची. मार्गारेट थॅचर आणि मर्जिना या एका शब्दाच्या लेकी आहेत ही गोष्ट मला मंजरीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक आवडते, आणि तिला आधारही भक्कम आहे.

मोत्याच्या शब्दाचे बाईचे नाव होऊन ते सर्वदूर गेले ते मात्र ख्रिस्ती धर्मामुळे. ग्रीक शुभवर्तमानात स्वर्गाच्या राज्याला मोलवान मोत्याची उपमा दिली आहे. एक व्यापारी असा मोती सापडताच आपले सर्वस्व विकून तो विकत घेतो. डुकरांपुढे मोती टाकू नका हे वचनही तिथलेच. म्हणजे मार्गारीता या नावात केवळ दागिन्याचा लखलखाट उरला नव्हता, त्याला परमार्थाचे वजन आले होते. दोन्ही बाजू दाखवणारी एक जुनी कथा आहे. अँटिओक शहरात पेलाजिया नावाची एक नटी होती. तिच्या अंगावर इतके मोती असत की सारे शहर तिला 'मार्गारीतो' म्हणे. तिने सर्व संपत्तीवर पाणी सोडले, पुरुषी वेष घेतला आणि जेरुसलेमजवळ गुहेत राहून तप केले. दुसरी कथा पिसिडिया प्रांतातल्या दुसऱ्या अँटिओकची. तिथल्या मार्गारेट नावाच्या तरुण मुलीने धर्म सोडण्यास नकार दिला म्हणून तिला तुरुंगात टाकले, तिथे एका अजगरासारख्या राक्षसाने तिला गिळले, आणि हातातल्या क्रूसाच्या जोरावर ती त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर आली. पोटातून सुखरूप बाहेर येणे एवढ्यावरून मध्ययुगीन युरोपातल्या बाळंतिणी तिचा धावा करू लागल्या. कथेतला राक्षस त्या काळच्या विद्वानांनाही पचलेला नव्हता, आणि १९६९ साली रोमन चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून या संत मार्गारेटचा सण वगळला. पण तोवर शेकडो वर्षे अवघडलेल्या बायकांनी नवस बोलून मुलींची नावे मार्गारेट ठेवलेली होती. फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कला जे आवाज ऐकू येत त्यांतला एक याच मार्गारेटचा होता. पूर्वेकडच्या चर्चमध्ये हीच संत 'मरीना' म्हणून ओळखली जाते. मरीना म्हणजे समुद्राची. एकीकडे मोती उरला, दुसरीकडे समुद्र.

बेटावरच्या ब्रिटनमध्ये हे नाव रुजले ते एका परागंदा कुटुंबामुळे. अँग्लो-सॅक्सन राजकन्यांची नावे एडिथ, एल्फगिफू अशी असत. त्यांत मार्गारेट बसत नव्हते. इंग्लंडच्या राजघराण्यातला एक एडवर्ड देशोधडीला लागून हंगेरीत वाढला, आणि तिथे १०४५च्या सुमारास त्याला झालेल्या मुलीचे नाव मार्गारेट ठेवले गेले. पुढे कुटुंब इंग्लंडात परतले, १०६६ साली नॉर्मनांनी राज्य घेतले, आणि ही मुलगी आपल्या आईभावंडांबरोबर स्कॉटलंडच्या आश्रयाला गेली. तिथल्या तिसऱ्या माल्कम राजाने तिच्याशी लग्न केले. ती वाचणारी बाई होती. तिची शुभवर्तमानाची छोटी पोथी ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आजही आहे. ही पोथी एकदा नदीत पडली आणि फारशी न बिघडता वर निघाली, असे तिच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. यात्रेकरूंसाठी फोर्थच्या खाडीवर तिने नावेची सोय केली, म्हणून त्या गावाचे नाव क्वीन्सफेरी. पती आणि थोरला मुलगा लढाईत पडल्याची बातमी आली त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ नोव्हेंबर १०९३ रोजी, ती वारली. १२५०च्या सुमारास तिला संतपद मिळाले.

एडिनबराच्या किल्ल्यात तिच्या मुलाने, पहिल्या डेव्हिड राजाने, बांधलेले एक इवलेसे प्रार्थनामंदिर आहे. त्या किल्ल्यात सर्वांत जुनी उभी वास्तू तीच. १९४२ साली एक मंडळ स्थापन झाले, आणि त्या मंदिरात नेहमी ताजी फुले राहतील याची काळजी ते घेते. फुले ठेवणाऱ्या बायका स्कॉटलंडात राहणाऱ्या असाव्यात आणि त्यांचे नाव मार्गारेट असावे, एवढीच अट. नावाखेरीज दुसरे काहीही समान नसलेल्या बायका पाळीपाळीने एका राणीच्या देवळात फुले ठेवतात, ही कल्पना मला फार गोड वाटते. स्कॉटलंडात अशा बायकांचा तुटवडा कधी पडला नसावा, कारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे मुलींच्या नावांत मार्गारेट अगदी वरच्या क्रमांकांत असे.

राजघराण्यांनी हे नाव लग्नांबरोबर इकडून तिकडे नेले. स्कॉटलंडच्या तिसऱ्या अलेक्झांडरची राणी मार्गारेट, तिची मुलगी मार्गारेट नॉर्वेच्या राजाला दिलेली, आणि त्या मुलीची मुलगीही मार्गारेट. ही नात आजोबांच्या पश्चात स्कॉटलंडच्या गादीची वारस ठरली आणि १२९० साली, सात वर्षांची असताना, गादीवर बसायला येता येता ऑर्कनी बेटावर मरण पावली. तिच्या मरणातून उभ्या राहिलेल्या वारसावादाने स्कॉटलंडला कित्येक दशके लढायला लावले. डेन्मार्कची मार्ग्रेटे याच्या अगदी उलट. बाप, नवरा आणि मुलगा तिघेही गेल्यावर तिने हाती सूत्रे घेतली आणि डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन ही तीन राज्ये १३९७ साली काल्मार येथे एका छत्राखाली आणली. हंगेरीत पुन्हा वेगळी तऱ्हा. मंगोल स्वारीत देश उद्ध्वस्त झाला तेव्हा चौथ्या बेला राजाने नवस केला की देश वाचला तर होणारे मूल देवाला वाहीन. १२४२ साली जन्मलेली ती मुलगी, मार्गित, डॅन्यूब नदीतल्या एका बेटावरच्या मठात वाढली आणि अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी तिथेच वारली. त्या बेटाला पूर्वी सशांचे बेट म्हणत. आज बुडापेस्टची माणसे रविवारी जिथे फिरायला जातात ते मार्गित बेट तेच.

आता मला खरे ज्याविषयी लिहायचे आहे तिथे येते. इतक्या भाषांत गेलेले हे नाव कुठेही अखंड राहिले नाही. इंग्रजीत त्याचे मेग, मॅगी, मॅज, मेझी, पेग, पेगी झाले, जर्मनमध्ये ग्रेटे, ग्रेटेल, ग्रेटखेन, डचमध्ये ख्रीट, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये रीटा, फ्रेंचमध्ये मार्गो. वरवर पाहता ही नुसती लाडाची मोडतोड वाटते, पण तिच्यामागे एक साधा आणि अचूक नियम आहे, आणि तो कळला तेव्हा मला कोडे सुटल्याचा आनंद झाला. ज्या भाषेत बोलणारा नावाच्या ज्या अवयवावर जोर देतो, तेवढा अवयव शिल्लक राहतो. इंग्रज माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो, म्हणून त्याच्या हाती 'मॅग' आणि 'मेग' उरते आणि शेपटी गळून पडते. जर्मन माणूस मार्गारेटे म्हणताना जोर 'रे'वर देतो, म्हणून डोके गळते आणि ग्रेटे उरते. इटालियन 'मार्गेरीता'त जोर 'री'वर, म्हणून रीटा. एकाच नावाचे मेग आणि रीटा असे दोन तुकडे समोर ठेवले तर त्यांच्यात एकही व्यंजन समान नाही, तरी दोन्ही अस्सल.

इंग्रजीतले पेगी त्यातल्या त्यात चमत्कारिक, कारण मार्गारेटमध्ये 'प' कुठेच नाही. ते लाडाच्या यमकातून आले. मॉलीची पॉली झाली, मॅटीची पॅटी झाली, तशी मेगची पेग झाली. आयर्लंडमध्ये तिचेच 'पेग' असे गेलिक वळणाचे नाव होऊन ते बाप्तिस्म्याच्या नावाइतकेच प्रतिष्ठित ठरले. वेल्समध्ये मार्गेड हे एक, मेगची मेगन हे दुसरे, आणि खुद्द मोत्याचा वेल्श शब्द 'मेरेरिड' हे तिसरे, अशी तीन नावे शेजारी शेजारी नांदतात. पोलिश लोकांनी मूळ नाव 'माल्गोझाता' असे केले आणि त्याची लाडकी रूपे मालगोशा आणि गोशा. वॉर्सामध्ये कोणी गोशा म्हणून हाक मारली तर मोती आठवायला बरीच कल्पनाशक्ती लागेल. फिनिश भाषेला शब्दारंभी दोन व्यंजनांचा जोड सोसत नाही, म्हणून स्वीडिशमधून आलेल्या ग्रेटाचा 'ग' गळून रेट्टा झाली. हवाईच्या भाषेत र, ग आणि ट हे ध्वनीच नाहीत. तिथे मार्गारेट 'मकालेका' होते. माओरी भाषेत 'माकारेता'. या दोन्हींत ओठांतून येणाऱ्या त्या पहिल्या 'म'ने मात्र तग धरला आहे.

आपल्याकडेही सुलोचनाची सुलू आणि मालतीची मालू होते. परंतु मराठीत हे रूप बहुधा घरात राहते. शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर पूर्ण नाव परत येते. युरोपात तुकडे स्वतंत्र झाले. ग्रेटा नावाच्या मुलीच्या दाखल्यावर मार्गारेट असण्याचे कारण उरले नाही, आणि आज तर स्थिती अशी की ब्रिटनमध्ये मुलीला मार्गारेट नाव देणे आजीबाईंच्या काळाचे समजले जाते, पण मार्गो आणि मेझी ही नावे मात्र नव्याने आवडीने ठेवली जातात. जर्मन लोकांची 'ग्रेटखेनचा प्रश्न' अशी एक म्हणही आहे. ग्योटेच्या नाटकातली साधीभोळी ग्रेटखेन विद्वान फाउस्टला विचारते की धर्माविषयी तुझे मत काय, आणि तो शब्दांचे फुलोरे उडवत उत्तर टाळतो. तेव्हापासून जो प्रश्न मुळावर येतो आणि ज्याला समोरचा बगल देऊ पाहतो, तो ग्रेटखेनचा प्रश्न. त्या नाटकात तीच मुलगी कधी 'मार्गारेटे' तर कधी 'ग्रेटखेन' म्हणून येते.

रीटाचा तुकडा आपल्याकडेही येऊन स्थिरावला. गोव्यात आणि वसईत ते नाव काशियाच्या संत रीटामुळे आले. पंधराव्या शतकातल्या या इटालियन बाईचे मूळ नाव मार्गेरीता होते. पण बंगाली आणि मराठी हिंदू घरांतल्या रीटा, रीता यांचा चर्चशी काही संबंध नव्हता. दोन अक्षरी, आकारान्त, उच्चारायला सोपे असे ते नाव जणू इथलेच वाटले, आणि ज्यांना ते पुरेसे इथले वाटले नाही त्यांनी 'ऋता' असे लिहून त्याला वैदिक मुंज घातली. मराठीत त्याचा एक धोका आहे. ऱ्हस्व लिहिले तर 'रिता' म्हणजे रिकामा, आणि म्हणून एखादी दक्ष मावशी बारशाला ते नाव हाणून पाडते.

मोत्याचे फूल कसे झाले हा वेगळा प्रवास आहे. फ्रेंचमध्ये 'मार्गेरीत' म्हणजे मोती, आणि पुढे गवतात उगवणारे पांढऱ्या पाकळ्यांचे, पिवळ्या गाभ्याचे ते साधे फूलही. इंग्रजीत त्या जातीच्या फुलाला डेझी म्हणतात. म्हणून मार्गारेट नावाच्या मुलींना इंग्रज घरात डेझी म्हणण्याची पद्धत पडली. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा कॉनॉटचा ड्यूक, जो १८८६ ते १८९० या काळात मुंबई फौजेचा सरसेनापती होता, त्याच्या थोरल्या मुलीचे नाव मार्गारेट, घरात डेझी. ती स्वीडनच्या युवराजाला दिली. तिच्या नातीला तिचे नाव मिळाले आणि लाडाचे नावही. ती नात म्हणजे डेन्मार्कची दुसरी मार्ग्रेटे, जिने १९७२ पासून राज्य केले आणि १४ जानेवारी २०२४ रोजी स्वेच्छेने गादी सोडली.

याच फुलाचा याहून हृद्य उपयोग दुसऱ्या महायुद्धात झाला. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर युवराज्ञी युलियाना मुलींना घेऊन कॅनडात राहिली होती. १९ जानेवारी १९४३ रोजी ओटावाच्या रुग्णालयात तिला तिसरी मुलगी झाली. जन्मभूमीच्या नियमाने ते मूल कॅनडाचे नागरिक ठरू नये, ते केवळ डच असावे, यासाठी कॅनडा सरकारने बाळंतिणीची ती खोली तेवढ्यापुरती कॅनडाच्या अधिकारक्षेत्राबाहेरची म्हणून जाहीर केली. मुलीचे नाव मार्ग्रीट ठेवले, त्या फुलावरून. कारण व्याप्त मायदेशात ते फूल प्रतिकाराची खूण झालेले होते. युद्ध संपताच १९४५ साली डच राजघराण्याने ओटावाला ट्यूलिपचे १,००,००० कंद पाठवले, आणि ही भेट पुढे दरवर्षी चालू राहिली.

बायकांना सोडून हे नाव वस्तूंनाही चिकटले आहे, त्यांचा हिशेब झटपट उरकते. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला १८१३ साली चरबीतून मोत्यासारखी झाक असलेला एक पदार्थ मिळाला, त्याला त्याने मोत्याचेच नाव दिले, आणि त्यावरून १८६९ साली लोण्याऐवजी निघालेले मार्गारीन. पिझ्झा इटलीच्या मार्गेरीता राणीच्या नावाचा; १८८९ साली नेपल्समध्ये तिच्यासाठी तो प्रथम केला, ही कथा सगळे सांगतात, पण तिचे कागद जरा ढिले आहेत. आपल्या आसामात, तिनसुकिया जिल्ह्यात, मार्गेरीटा नावाचे गाव आहे. कोळशाच्या खाणींकडे रेल्वे नेणाऱ्या इटालियन अभियंत्यामुळे ते त्याच राणीच्या नावाने ओळखले जाऊ लागले. तिथल्या चहाच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी ती राणी कधी पाहिली नाही, आणि तिनेही ते गाव.

भारताच्या सार्वजनिक जीवनात आलेल्या मार्गारेटांपैकी दोघी आयरिश होत्या, आणि नावाच्या बाबतीत दोघींनी परस्परविरुद्ध वाटा धरल्या. मार्गारेट एलिझाबेथ नोबल हिचा जन्म १८६७चा, डंगॅननचा. जानेवारी १८९८ मध्ये ती कोलकात्याला आली आणि २५ मार्चला स्वामी विवेकानंदांनी तिला दीक्षा देऊन निवेदिता केले. जगासाठी मार्गारेट संपली. पण स्वामीजींची तिला लिहिलेली पत्रे पाहावीत, तर त्यांत 'मार्गो' असा मायना अनेकदा आढळतो. दीक्षेने पुसलेले नाव गुरूच्याच लेखणीत लाडक्या तुकड्याच्या रूपाने शिल्लक राहिले. दुसरी मार्गारेट कझिन्स. तिने नाव बदलले नाही. १९१९ साली मदनपल्लीला रवींद्रनाथ मुक्कामाला असताना 'जन गण मन'ची स्वरलिपी तिने लिहून घेतली, आणि अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला भरले ते मुख्यतः तिच्या खटपटीने. त्याआधी मद्रासमध्ये १९१७ साली स्थापन झालेल्या महिलांच्या संघटनेत ती होती, आणि त्याच संघटनेच्या आधाराने डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी मद्रासच्या विधिमंडळात गेल्या. तमिळमध्ये 'मुत्तु' म्हणजे मोती. देवदासी प्रथेविरुद्ध आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी एकाच चळवळीत उभ्या राहिलेल्या या दोघींची नावे, एक इराणच्या आखातातल्या मोत्याचे आणि एक भारत-श्रीलंकेमधल्या मन्नारच्या समुद्रातल्या मोत्याचे, एकाच अर्थाची होती.

आपल्याकडे मोत्याचे नाव ध्वनीने फिरले नाही, अर्थाने फिरले. युरोपात प्रत्येक भाषेने मार्गारीताचा आवाज घेतला आणि अर्थ सोडून दिला. इथे प्रत्येक भाषेने अर्थ घेतला आणि आपला शब्द वापरला. म्हणून तमिळमध्ये मुत्तुलक्ष्मी, तेलुगूत मुत्यालम्मा, उर्दूत गौहर, मराठीत मुक्ता. त्यातही मुक्ता हा शब्द वाटतो तितका सोवळा नाही. अनेक अभ्यासकांच्या मते संस्कृतातला मोतीवाचक 'मुक्ता' हा मूळचा द्राविड 'मुत्तु'च आहे. पांड्यांच्या कोरकै बंदराजवळचे मोती उत्तरेकडे आले, त्यांच्याबरोबर शब्द आला, आणि संस्कृतने त्याला 'मुच्' धातूची ओळखीची वस्त्रे नेसवली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्या बंदराचे नाव येते आणि तिथे शिक्षा झालेल्या कैद्यांकडून मोती काढवून घेत, असेही त्यात लिहिले आहे. मोत्यांच्या व्यापाराचा पुढचा अंक तर मुंबईतच घडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहारीन आणि कुवेतकडचे मोती गलबतांतून मुंबईला येत, इथे त्यांना भोके पाडली जात, प्रतवारी होई, सर ओवले जात, आणि मग ते पॅरिस-लंडनला रवाना होत. १९३०च्या दशकात जपानी कृत्रिम लागवडीच्या मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो धंदा बसवला.

मराठीतल्या मुक्तेला मात्र दोन अर्थांचा भार प्रथमपासून आहे. मोती हा एक, आणि सुटलेली, मोकळी झालेली हा दुसरा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार भावंडांच्या नावांतून वारकरी परंपरेने साधनेच्या पायऱ्या वाचल्या, त्यामुळे तिथे मोत्याला जागाच उरली नाही. रुसून ताटी लावून बसलेल्या थोरल्या भावाला "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" असे विनवणारी ती धाकटी बहीण मुक्तीचीच ठरली. बुडापेस्टने जसे बेटाला आपल्या मार्गितचे नाव दिले तसे जळगाव जिल्ह्यातल्या एदलाबादने मुक्ताईनगर हे नाव घेतले. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी सावित्रीबाई व जोतिराव फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिचे नाव वाचतानाही आज प्रत्येकाच्या मनात बंधनातून सुटलेली हाच अर्थ उमटतो. माझ्या ओळखीच्या दोन घरांत अलीकडे मुलींची नावे मुक्ता ठेवली. दोन्ही ठिकाणी मी अर्थ विचारला. दोन्ही ठिकाणी आईने सांगितले, "मुक्त, स्वतंत्र." एका घरी आजी म्हणाली की आमच्या वेळी मुक्ता म्हणजे मोती म्हणत, त्यावर सुनेने कौतुकाने मान हलवली आणि लगेच मोबाइलवर ते खरे आहे का ते पाहिले.